शिवायचं राहिलेलं पान

बाइंडरचा फोन तिसऱ्यांदा आला तेव्हा मी भांडी घासत होते, आणि मुद्दामच घासत राहिले. आमच्या ह्यांनी तो घेतला. "हो हो, आजच पाठवतो तिला," असं परस्पर कबूल करून मोकळे झाले आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, सगळ्यांची पानं आली. तुझं एकटीचंच राहिलंय. तू सून ना आईची? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे लोकांना. अठ्ठावीस वर्षं एका पानात कशी कोंबू? तुम्ही बसवलीत ना तुमची साठ? झालं तर मग."

पानात बसत नव्हतं हे खरंच होतं, पण लिहीत नव्हते त्याचं कारण ते नव्हतं.

सासूबाईंना जाऊन महिना झाला होता. सगळ्या वस्तीला त्या 'बाई', आम्हाला दोघांना 'आई'. शोकसभेत नुसती भाषणं नकोत, अशी टूम वाचनालयाच्या सेक्रेटरीणबाईंनी काढली. ज्याला बाईंचं जे आठवतंय ते त्याने आपल्या हाताने एका पानावर लिहायचं, त्याचं एकच पुस्तक बांधायचं आणि ते आमच्या पुढच्या खोलीत ठेवायचं, म्हणजे आला-गेला माणूस वाचेल. बघता बघता नव्वदच्या वर पानं जमली. बांधायचं काम बाइंडरने आपणहून मागून घेतलं. तिथेच माझं गाडं अडलं, कारण त्या एका माणसाच्या दारात मला पाऊल टाकायचं नव्हतं.

आधी आईंचं सांगते, नाहीतर माझं काही कळायचं नाही.

माझे सासरे चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. मी त्यांना पाहिलं नाही. ते गेले तेव्हा घरात एक चाकांची खुर्ची, एक वर-खाली होणारा पलंग आणि एक वॉकर उरला. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचे वडील पडले, त्या पलंग मागायला आल्या, आईंनी देऊन टाकला. तिथून जे सुरू झालं ते पुढे चाळीस वर्षं थांबलं नाही. लोक आपल्याला नकोसं झालेलं आणून द्यायचे. आई ते धुऊनपुसून, दुरुस्त करून घ्यायच्या आणि ज्याला लागेल त्याला लागतील तितके दिवस वापरायला द्यायच्या. आमची पुढची खोली म्हणजे कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, पाण्याच्या गाद्या आणि भिंतीला उभे टेकवलेले पलंग. लग्नाआधी माझे आईबाबा घर बघायला आले होते, तेव्हा माझ्या आईने बाबांच्या कानात विचारलं होतं, "अहो, या घरात नक्की किती जण आजारी आहेत?"

आमची मुलगी चालायला शिकली ती वॉकर धरून. वॉकर तिसऱ्या दिवशी कुणीतरी नेला, पोरगी पुन्हा रांगायला लागली. मी आकांडतांडव केलं. आई म्हणाल्या, "ती आज ना उद्या चालणारच आहे गं. ते आजोबा चालतील की नाही, सांगता येत नाही." त्यांच्याशी भांडायचं म्हणजे असंच असायचं. माझा पाय मोडला तेव्हा या आमच्या घरात एक कुबडी शिल्लक नव्हती. एक! मी दीड महिना प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलत मोरीपर्यंत जात होते. आई माझी वेणी घालायच्या, पाय दाबून द्यायच्या, मला घास भरवायच्यासुद्धा, पण बाहेर गेलेली कुबडी मागायच्या नाहीत.

कारण त्यांचे नियम होते. ज्याने आधी मागितलं त्याला आधी. घरचा, बाहेरचा असा भेद नाही. आणि दुसरा नियम वस्तू परत आणायचा. वस्तू बहुतेक वेळा परत यायची ती माणूस गेल्यावर. अशा वेळी फोन करून तगादा लावायचा नाही. महिना जाऊ द्यायचा आणि मग आपण जायचं, बसायचं. चहा दिला तर नको म्हणायचं नाही. ती माणसं गेलेल्या माणसाबद्दल बोलायला लागतात, ते पुरतं ऐकायचं, आणि ती आपणहून उठून पलंग दाखवतील तेव्हाच पलंगाला हात लावायचा. एका वॉकरसाठी आईंनी तीन-तीन तास घालवलेले मी पाहिलेत. "वॉकर आणायला गेला होतात की मुक्कामाला?" मी विचारायची. त्या हसायच्या. घरी आल्यावर आधी अर्धा तास पडून राहायच्या, हे मी पाहत होते, पण कधी बोलले नाही.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी आईंच्या छातीत पाणी साठायला लागलं. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन काढणारी दोन यंत्रं आमच्याकडेच होती, एक जुनं, एक नवं. आईंनी स्वतःसाठी जुनं लावून घेतलं. ते ट्रकसारखं घरघरायचं आणि दोनदा भर दुपारी बंद पडलं होतं. दुसऱ्या वेळी आईंची नखं निळी झाली. मी यंत्राला लाथ घातली तेव्हा ते सुरू झालं. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून नवं यंत्र माझ्या नजरेसमोरून हललं नाही.

आणि त्याच आठवड्यात बाइंडरचा फोन आला. त्यांच्या बायकोची फुप्फुसं वर्षभर कुरकुरत होती. आता डॉक्टरांनी यंत्र लावा म्हणून सांगितलं होतं.

आई म्हणाल्या, "नवं त्यांना दे."

"आणि हे बंद पडलं तर?"

"पडेल तेव्हा बघू. त्यांच्याकडे बंद पडायलासुद्धा काही नाही."

"आई, एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी या घरातलं काहीतरी या घरासाठी राहू दे."

त्यांना बोलायला दम नव्हता. मग म्हणाल्या, "त्यांनी मागितलंय गं."

मी बाहेरच्या खोलीत गेले आणि बाइंडरला फोन लावला. "काका, सध्या एकही शिल्लक नाही. आलं की लगेच कळवते." ते म्हणाले, "बरं, सूनबाई. वाट बघतो. बाईंची काळजी घ्या." नवं यंत्र मी आमच्या खोलीत, पलंगामागे सरकवलं आणि वर जुनी चादर टाकली. ह्यांनाही सांगितलं नाही. संध्याकाळी आईंनी विचारलं, "पोचलं का?" मी म्हटलं, "पोचलं."

मला वाटलं, विषय संपला. पण आई त्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले ते हेच विचारत, "बाइंडरची बायको कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे. झोप लागली म्हणे रात्री." त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला पुढे सुचतच गेलं. मग रोजच. आज दोन घास जास्त खाल्ले. आज खिडकीशी बसल्या होत्या. आज नवऱ्याला ओरडल्या, म्हणजे बऱ्या होताहेत. आई हसायच्या, हसताना त्यांना खोकला यायचा. आणि उलट मला निरोप सांगायच्या. "तिला म्हणावं, आडवं पडून दम लागतो. पुढे टेबल घे, त्यावर उशी ठेव आणि उशीवर हात टाकून ओणवी होऊन बस. बरं वाटतं." मी म्हणायची, "सांगते." कुणाला सांगणार होते?

सहाव्या दिवशी बाइंडरचा फोन आला. "सूनबाई, यंत्र आता लागणार नाही. आलं की दुसऱ्या कुणाला द्या." एवढंच बोलले. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी फोन हातात धरून उभी, आणि आतून आईंचा आवाज, "कुणाचा गं?"

"बाइंडरचा."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आज उठून बसली."

त्यानंतर आई पाच दिवस होत्या. पाचही दिवस मी त्या गेलेल्या बाईला बरी करत राहिले. शेवटच्या दिवशी सकाळी आई म्हणाल्या, "तिला सांग, लगेच कामाला लागू नकोस, कागदाची धूळ वाईट." दुपारच्या आत त्या गेल्या. जुनं यंत्र शेवटपर्यंत चालू होतं, एकदाही बंद पडलं नाही. नवं पलंगामागे चादरीखाली होतं, तसंच्या तसं. आठ दिवसांनी केर काढताना ह्यांना ते दिसलं. "हे इथे कसं?" मी म्हटलं, "परत आलं." माझी जीभ आता या कामाला सरावली होती.

तर त्या तिसऱ्या फोननंतर, ह्यांनी कबूल केलं होतं म्हणून, मी गेले. निघण्याआधी कसंबसं खरडलेलं पान पर्समध्ये होतं. आई किती मोठ्या मनाच्या, किती कष्टाळू, असलं सगळं. वाचून माझी मलाच शिसारी आली.

बाइंडरचं दुकान पुढे आणि राहायचं मागे. आत कागदाचे ढीग, खळीचा वास, भिंतीशी लोखंडी दाबयंत्र. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथल्या दोरीवर काहीच वाळत नव्हतं. ते उठून उभे राहिले. केवढे वाळले होते! त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा सूनबाई. तुमच्यावाचून काम अडलंय. म्हणजे खरंच अडलंय, हे बघा." त्यांनी एक मोठा कोरा कागद घेतला आणि मधोमध दुमडला. "एक कागद दुमडला की दोन पानं होतात. शिलाई दुमडीतून जाते, सुटं पान शिवता येत नाही. सगळ्यांच्या जोड्या लागल्या. शेवटच्या कागदावर एक पान माझं येतं आणि एक तुमचं."



"आणि आणखी एक काम होतं," ते संकोचून म्हणाले. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरात लिहायचं काम तिचं असायचं. मी कच्चं लिहून ठेवलंय. तेवढं तुम्ही चांगल्या अक्षरात उतरवून द्याल का? पुस्तक राहायचंय ना पुष्कळ वर्षं."

त्यांनी वहीचा फाटका कागद माझ्यापुढे ठेवला. नाही कसं म्हणायचं? मी पेन उघडलं. ते शेजारी बसून इतर कागदांना दाभणाने भोकं पाडायला लागले.

'बाईंनी माझ्या आईला पलंग दिला,' असं पहिलं वाक्य होतं. 'आई गेल्यावर बाई पलंग न्यायला स्वतः आल्या आणि दोन तास बसल्या. आईबद्दल जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.' हे मी नीट उतरवलं. पुढे होतं, 'यंदा माझी बायको आजारी पडली तेव्हा बाई स्वतः अंथरुणावर होत्या.' तेही लिहिलं. पुढचं वाक्य होतं, 'यंत्र शिल्लक नव्हतं. असतं तर बाईंनी दिलंच असतं, हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही दुसरीकडे कुठे विचारलं नाही, वाट पाहिली.' आणि त्याच्याखाली, 'त्यांच्या सूनबाईंनी घरात एवढं दुखणं असूनही आमच्याशी नीट बोलून घेतलं, हे मी विसरणार नाही.'

दुसरीकडे कुठे विचारलं नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. महिनाभर मी स्वतःची समजूत काढत होते की त्यांनी दुसरीकडून काहीतरी सोय केली असेल, यंत्र लावूनही त्यांची बायको गेलीच असेल. पेन कागदावर टेकलेलं, शाईचा डाग पसरत चाललेला, आणि माझ्या हाताला 'यंत्र शिल्लक नव्हतं' या तीन शब्दांतलं एकही अक्षर उमटेना.

"अक्षर लागत नाही का?" बाइंडरने विचारलं.

"लागतंय," मी म्हटलं. "काका, यंत्र होतं."

दाभण थांबलं.

"नवं यंत्र होतं. आईंनी तुम्हाला द्यायला सांगितलं. मी दिलं नाही. त्यांचं जुनं बंद पडायचं, म्हणून मी लपवून ठेवलं. तुम्हाला फोनवर मी खोटं सांगितलं. ते वापरावंही लागलं नाही, काका. नुसतं पडून राहिलं."

मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी दाभण बाजूला ठेवलं, हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. मग विचारलं, "बाईंना माहीत होतं?"

"नाही. त्यांना वाटत होतं, पोचलं."

"बरं झालं," ते म्हणाले. "मग ठीक आहे त्यांचं."

"रोज विचारायच्या, तुमच्या घरच्या कशा आहेत म्हणून."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

हा प्रश्न येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण आता खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. मी सगळं सांगितलं. झोप लागली, दोन घास जास्त खाल्ले, खिडकीशी बसल्या, तुम्हाला ओरडल्या. त्यांनी मान खाली घातली होती.

"झोप कसली," ते म्हणाले. "सहा दिवस ती आडवी झाली नाही. पडलं की जीव घुसमटायचा. बसून बसून पाठ मोडली तिची. मी मागून धरून बसायचो."

पुढे टेबल, टेबलावर उशी. माझ्या तोंडाशी आलं. आईंनी सांगितलं होतं तेही मी पोचवलं नव्हतं. एका उशीचा निरोप, त्याला तर काही यंत्र लागत नव्हतं. मी तेही त्यांना सांगितलं. मला माफी नको होती, फक्त काही दाबून ठेवायचं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ती गेल्यावरही बाई विचारत होत्या?"

"हो. पाच दिवस."

"मग त्या पाच दिवसांत," ते म्हणाले, "त्या पाच दिवसांत काय करत होती ती?"

मी त्यांच्याकडे बघितलं. रागाने विचारत नव्हते. त्यांना खरोखर ऐकायचं होतं.

"उठून बसली होती," मी म्हटलं. "मग भिंत धरून चालली. दारापर्यंत आली. चौथ्या दिवशी तुमच्या हातचा चहा आवडला नाही म्हणून तिने स्वतः केला."

"असंच केलं असतं तिने," बाइंडर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार मोडून गेला. मी त्यांच्या पाठीला हात लावू शकत नव्हते. मला तो हक्क नव्हता. मी स्टुलावर बसून राहिले आणि ते रडत होते ते बघत राहिले.

मग त्यांनी डोळे पुसले, डाग पडलेला कागद ओढून घेतला, फाडला, आणि नवा कागद दुमडून माझ्यापुढे ठेवला.

"लिहा. मी सांगतो तसं."

पलंगाचं, त्यांच्या आईचं, सगळं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. मी लिहिलं. माझ्याबद्दलचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. वाट पाहिल्याचंही नाही. शेवटी म्हणाले, "यंदा माझी बायको आजारी पडली तेव्हा बाईंनी आम्हाला यंत्र दिलं होतं."

मी वर बघितलं.

"लिहा ना. दिलंच होतं त्यांनी. बाईंच्या पुस्तकात त्यांनी दिलं नाही असं मी कसं येऊ देईन? लिहा. ते पोचलं नाही."

मी लिहिलं. 'ते पोचलं नाही.' माझ्या अक्षरात. हे पुस्तक आमच्याच पुढच्या खोलीत राहणार, कुबड्या न्यायला आलेला माणूस ते उघडणार आणि मला विचारणार.

"पुढे?"

"माझं झालं." त्यांनी कागद उलटा केला आणि कोरी बाजू माझ्याकडे वळवली. "आता तुमचं."

पर्समधलं पान मी काढलं नाही. 'आई, ते यंत्र मी आमच्या पलंगामागे ठेवलं होतं,' एवढं लिहिलं आणि मग मला इतकं रडू फुटलं, महिनाभराचं, की समोरचं काही दिसेना. बाइंडरने माझ्या हाताखालून कागद हळूच काढून घेतला, भिजू नये म्हणून, आणि आपल्या गुडघ्यावर धरून बसले.

"होऊ दे," ते म्हणाले. "मग लिहा. मी थांबतो."